अक्काला यातून काय मिळतं?

आमच्या पतसंस्थेत दुपारी अडीचला गिऱ्हाईक तुटतं. सोलापूरचा एप्रिल म्हणजे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पंख्याखाली डबे उघडतात, शेंगाचटणी या डब्यातून त्या डब्यात जाते आणि मग कुणाचा तरी विषय निघतो. मागची तीन वर्षं तो बऱ्याचदा अक्काचा असायचा, म्हणजे पूर्व भागातल्या मैदानावर पोरींना खो-खो शिकवणारीचा.

"रेल्वेची पक्की नोकरी सोडून आलीय. उन्हातान्हात पोरी पळवायलीय. काय मिळतंय ओ तिला त्यातनं?"

"तिकीट पाहिजे असंल. नगरसेवक व्हायचं असंल."

"तिकीट कसलं बे, जागा! मैदानाच्या मागची जागा बघितलास का? आधी ट्रस्ट काढायचा, मग अकादमी म्हणायचं, मग करार करून घ्यायचा."

मी डबा खात ऐकायची. ऐकायची म्हणते खरी, पण त्यात तेल ओतायचं काम बऱ्याचदा माझंच असायचं. बाकीच्यांना ती पेपरातल्या फोटोमुळे माहीत. मला ती सहावीपासून माहीत, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन. "ती लहानपणापासून हिशोबी," असं मी एकदा म्हणाले होते. त्याला काहीही आधार नव्हता. उलट शाळेत तिची पावती हरवायची आणि माझी सापडायची.

आम्ही एका शाळेत, एका संघात. खो-खोच्या संघात तेव्हा बारा जणी असायच्या. नऊ मैदानात, तीन राखीव. आठवी ते दहावी मी त्या तिघींपैकी एक. दर सामन्याला गणवेश घालून, बुटांच्या नाड्या घट्ट बांधून बाकावर बसायची आणि मध्यंतरात लिंबू कापायची. ती मात्र पहिल्या तुकडीत पळायची. तिचं पळणं बघायला माझे वडील गिरणीची पाळी सुटल्यावर थेट मैदानावर यायचे. माझ्यासाठी येतात असं मला बरेच दिवस वाटत होतं. ते म्हणायचे, "धोटा आहे गं पोरगी, धोटा." मागावर ताण्याच्या दोन थरांतून धोटा या टोकाचा त्या टोकाला कसा जातो हे ज्यानं आयुष्यभर पाहिलंय, त्यानं दिलेली ती उपमा. बसलेल्या आठ जणींमधून ती तशीच जायची. हात लागेलसा वाटायचा आणि लागायचा नाही.

पुढे ती महाराष्ट्राकडून खेळली, मग खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागली आणि रेल्वेकडून महाराष्ट्राविरुद्धच उभी राहिली. मी बी. कॉम. करून पतसंस्थेत. एवढ्यावर आमची गोष्ट संपल्यासारखी होती.

ती परत आली २०२२च्या उन्हाळ्यात. आणि त्याच ऑगस्टात पुण्याला बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. टीव्हीवर सामने, रंगीत जर्सी, संघांचे मालक. आता सांगा, कुणाला संशय येणार नाही? ज्या खेळात आयुष्यभर प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा बक्षीस मिळायचा, त्यात पैसा यायला आणि हिनं नोकरी सोडायला एकच मुहूर्त.

मी त्या संशयाला पूर्ण नावं ठेवत नाही. आपल्याकडे खेळाच्या प्रमाणपत्राला किंमत आहे. सरकारी नोकरीत पाच टक्के क्रीडा आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. जिथं कागदाला किंमत, तिथं कागद विकणारा उभा राहतोच. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवल्याची प्रकरणं महाराष्ट्रानं पाहिली आहेत. माझ्या भाच्याच्या निवड चाचणीच्या आदल्या रात्री एका माणसाचा फोन आला होता. आवाज अगदी मायेचा. "किटचे म्हणून थोडे द्यावे लागतात, ताई." भाचा गेला नाही. तो निवडला गेला असता की नाही हे आता कळायचा मार्ग नाही, पण तेव्हापासून शिट्टी गळ्यात घातलेला माणूस दिसला की माझी नजर आधी त्याच्या खिशाकडे जाते.

मोठ्या नावांनाही हे चुकलेलं नाही. राहुल द्रविड म्हणजे सरळपणाचा वस्तुपाठ. २०१८ साली एकोणीस वर्षांखालच्या मुलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा बोर्डानं त्याला ५० लाख आणि त्याच्या सहकाऱ्यांना प्रत्येकी २० लाख जाहीर केले. त्यानं सगळ्यांना सारखे द्या असा आग्रह धरला आणि शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला २५ लाख आले. म्हणजे स्वतःचे निम्मे करून घेतले. त्याच द्रविडला पुढच्याच वर्षी हितसंबंधांच्या संघर्षाची नोटीस आली, कारण एका बाजूला क्रिकेट अकादमीची जबाबदारी आणि दुसऱ्या बाजूला एका सिमेंट कंपनीतलं जुनं पद. त्यातून तो निर्दोष सुटला. नोटिशीवर तेव्हा खूप लोक चिडले होते. मी चिडले नाही. मी हिशोब तपासते; चांगल्या माणसाचं खातं तपासायचं नाही असा नियम आमच्याकडे नाही.

पुल्लेला गोपीचंदचंही तसंच. २००१ साली बॅडमिंटनची ऑल इंग्लंड जिंकला, शीतपेयाची जाहिरात नाकारली, सरकारनं दिलेल्या जमिनीवर हैदराबादला अकादमी उभी करताना पैसे कमी पडले तेव्हा राहतं घर गहाण टाकलं. त्याच अकादमीतून साईनाचं लंडनचं कांस्य आलं, सिंधूचं रिओचं रौप्य आलं. तरी राष्ट्रीय प्रशिक्षक आणि खासगी अकादमीचा चालक एकच असावा का, हा प्रश्न बॅडमिंटनपटू ज्वाला गुट्टानं उघडपणे विचारला. प्रश्न बोचरा होता, गैर नव्हता. घर गहाण टाकणं आणि पक्षपात करणं या एकाच माणसाला जमू शकणाऱ्या गोष्टी आहेत. त्यानं पक्षपात केला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की त्याग हा काही पुरावा नव्हे.

तर २०२३च्या पावसाळ्यात मी अक्काला तोंडावरच विचारलं. सरळ मैदानावर गेले. पूर्व भागातलं मैदान, निम्मा मुरूम, निम्मी काळी माती. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून आलेल्या विड्यावाल्यांच्या पोरी, शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागवाल्यांच्या पोरी, दोन-चार डॉक्टर-वकिलांच्याही. घरात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी मराठी. 'अक्का' तिन्ही भाषांत थोरली बहीणच, म्हणून सगळ्यांची अक्का. मी सुद्धा आता तेच लिहितेय.

"तुझा हिशोब दाखव," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीला म्हणायचं पहिलं वाक्य.

तिनं माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि माझ्या हातात दिली. "घे. मला काय कळत नाही त्यातलं. तूच लिही की बे."

वही भयंकर होती. तारखा उलटसुलट, बेरजा हवेत. पण आठवडाभर बसून मी ती लावली तेव्हा चित्र निघालं. ज्यांना परवडतं त्या सतरा पोरींकडून महिन्याला ३०० रुपये. बाकीच्यांकडून काही नाही. खर्चात फक्की, दोरी, गूळ-शेंगदाणे, स्पर्धेचं एसटी भाडं, आणि सगळ्यात मोठा आकडा पाण्याच्या टँकरचा. सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. लोकांना प्यायला पुरायचं नाही, मैदानावर कोण मारू देणार? पण पाणी मारून, रोलर फिरवून माती बसवली नाही तर डाइव्ह मारणाऱ्या पोरीची कोपरं सोलून निघतात. दर महिन्याला तूट. तूट भरायची नोंद कुठंच नव्हती. ती तिच्या पेन्शनमधून जात होती, आणि ते लिहावं असं तिला सुचलं नव्हतं.

मी वही मिटली आणि तोच प्रश्न विचारला. दुपारच्या डब्यावरचा. "मग तुला काय मिळतं यातनं?"

मला वाटलं होतं 'समाजाचं ऋण' वगैरे म्हणेल. सत्कारात म्हणतात तसं. ती मैदानाच्या टोकाच्या खुंटाला टेकून बसली होती. म्हणाली, "रेल्वेत शेवटची अकरा वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसले. काचेपलीकडचा माणूस माझ्या हाताकडे बघायचा, तोंडाकडं नाही. इथं मी आले की चाळीस पोरी उभ्या राहतात. मला आवडतं ते. खोटं कशाला बोलू?" आणि थोड्या वेळानं, "शिट्टी वाजली की अंगात येतं बघ. घरी काय वाजतं? कुकर."

हे उत्तर मी पतसंस्थेत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'बघा, मोठेपणा पाहिजे म्हणजे' असंच झालं असतं. मी फक्त म्हणाले, पैशाचं काही नाही, मी वही बघितलीय. त्यावर कॅशियर म्हणाला, "दुसरी वही असंल, मॅडम." आमच्याच धंद्यातला माणूस, त्याला काय बोलणार.

पण पैशाचा संशय हा आळशी संशय आहे, असं मला आता वाटतं. आकड्यांत मांडता येतो म्हणून सगळे तिथंच शोधतात. खेळून थांबलेल्या माणसाची खरी भूक दुसरीकडे असते आणि ती कुठल्याच वहीत चढत नाही. ती भूक मी पाहिली २०२५ साली.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आमच्याकडे गड्ड्याची जत्रा चालू होती. नंदीध्वज, होम मैदानावरचे पाळणे, धूळ, आणि या पोरी पाळणा सोडून एका मोबाइलभोवती गोळा. सामने इंदिरा गांधी स्टेडियममध्ये. आमच्या पार्क स्टेडियमचंही तेच नाव, त्यामुळे सगळ्यात धाकटीला अर्धा दिवस वाटत होतं की हे इथंच चौकात चाललंय. महिलांच्या अंतिम सामन्यात प्रियंका इंगळेच्या भारतीय संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि पुरुषांनीही चषक आणला. त्या रात्री अक्का काही बोलली नाही. सकाळी सहाला मैदानावर एकोणतीस पोरी जास्त आल्या होत्या. मी मोजल्या, कारण गूळ कमी पडला.

त्यानंतर दोन महिन्यांत एका पोरीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका क्लबातून बोलावणं आलं. राहायला वसतिगृह, खायला दूध-अंडी, सरावाला गादीचं मैदान. ही आमच्या मैदानावरची सगळ्यात चपळ पोरगी. आई दिवसाला हजार विड्या वळते. बोलावणं म्हणजे सोनं होतं. आई पेढे घेऊन अक्काच्या पाया पडायला आली.

अक्कानं पेढा घेतला. आणि पोरीची प्रमाणपत्रांची फाइल मात्र दिली नाही.

"कपाटाची किल्ली सापडेना." पहिल्या दिवशी मला खरं वाटलं. तिसऱ्या दिवशी आई परत आली, पाचव्या दिवशी पोरगी एकटीच आली आणि दारात उभी राहून गेली. आठव्या दिवशी मी अक्काच्या घरी गेले. किल्ली नेहमीच्या खिळ्याला लटकत होती.

"किल्ली खिळ्याला आहे की."

"माहितीय."

मी खुर्ची ओढून बसले. तिनं पंखा वाढवला. कितीतरी वेळ नुसता पंखा.

"तीन वर्षं तिचा गुडघा मी शेकलाय," ती म्हणाली. "पहिल्यांदा आली तेव्हा खुंटाला धडकायची. तिथं जाईल, मेडल घेईल, आणि पेपरात नाव त्या क्लबाचं येईल."

आता यात पैसा कुठंय? राजकारण कुठंय? लोक तीन वर्षं चुकीच्या कपाटात शोधत होते.

हे तिचं एकटीचं नाही. साईना २०१४ला हैदराबाद सोडून बंगळूरला प्रशिक्षक विमल कुमारांकडे गेली, तिथून जागतिक क्रमवारीत पहिली झाली आणि २०१७ला परतली. तिच्या जाण्यानं आपल्याला लागलं हे गोपीचंदनं नंतर लपवलं नाही. नेमबाजीतले प्रशिक्षक जसपाल राणा आणि त्यांची शिष्या मनू भाकर यांचं टोकियो ऑलिम्पिकच्या आधी जाहीर फाटलं. २०२३ला जुळलं आणि पॅरिसला तिनं दोन कांस्यं घेतली तेव्हा हा एशियाडचा जुना सुवर्णविजेता प्रेक्षकांत बसून बघत होता. त्या बसण्यात किती काय असेल! मनातल्या मनात चाप ओढणारं बोट तर असेलच.

तालमीत याचा वेगळा रिवाज आहे. लातूरचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९चे महाराष्ट्र केसरी, नंतर पुण्याला वस्ताद झाले. त्यांचा पठ्ठा काका पवार, तोही पुढे वस्ताद. बीडचा राहुल आवारे बिराजदारांच्या हाताखाली घडला, ते गेल्यावर काका पवारांकडे राहिला, आणि २०१८ला राष्ट्रकुलात सुवर्ण जिंकलं तेव्हा ते त्यानं बिराजदारांना वाहिलं. वस्तादाला जाऊन जवळजवळ सात वर्षं झाली होती. हे ऐकायला फार गोड वाटतं, पण तालमी बदलणाऱ्या पोरांवरून झालेली भांडणंही मातीत काही कमी नाहीत. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही यात्रेच्या फडावर जाऊन विचारा.

आणि आमचं गाव तर सोडून गेलेल्यांवरच मिरवतं. पॉली उम्रीगर १९२६ला सोलापुरात जन्मले, एवढ्यावर कसोटीतलं पहिलं भारतीय द्विशतक आम्ही आमच्या नावावर लावून टाकलं आहे. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे नागालँडकडून खेळली, तिथं २०२२ला एका टी-ट्वेंटीत नाबाद १६२ काढल्या आणि मग भारताच्या संघात गेली. गेले म्हणून आम्हाला दिसले. पण प्रत्येकाच्या मागं इथं कुणीतरी उरलेलं असणार, शिट्टी गळ्यात घालून.

"तू रेल्वेत गेलीस तेव्हा सरांनी काय केलं होतं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला उठून जावंसं वाटलं. आमच्या सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. लग्नाला आले नाहीत. महाराष्ट्राविरुद्ध खेळलेला तिचा पहिला सामना बघायला मात्र आले होते, मागच्या रांगेत बसले आणि संपायच्या आधी निघून गेले. हे तिला कळलं सर वारल्यावर, त्यांच्या बायकोकडून.

खो-खोचा एक नियम न खेळणाऱ्यांच्या सहसा लक्षात नसतो. खो मिळालेली उठून धावते हे सगळ्यांना दिसतं. खो देणारीनं तिच्या रिकाम्या जागी लगेच बसायचं असतं, हे बघायला कुणी थांबत नाही. नजर धावणारीच्या मागं गेलेली असते. तीन वर्षं बाकावर बसून माझी नजर मात्र बसणारीवर जायची, ती माझीच जातकुळी म्हणून. आणि मराठीची गंमत अशी की याच शब्दाला 'देणे' लावलं की एक अर्थ आणि 'घालणे' लावलं की दुसरा. आठ दिवस अक्का खो घालत होती.

हे मी तिला म्हणाले नाही. तेवढी अक्कल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर पोरगी, तिची आई, एक पत्र्याची पेटी. गाडी लागली होती. अक्का रिक्षातून उतरली, फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर शेंगाचटणीचा पुडा. सॉरी वगैरे काही नाही. पिशवी दिली आणि म्हणाली, "गादीवर बूट घालून पळायची सवय कर. पहिले चार दिवस घसरशील. घसरलीस म्हणून रडायचं नाही." पोरगी रडली. आई तेलुगूत काहीतरी बोलत राहिली, मला त्यातलं 'अक्का' एवढंच कळलं.

त्या दुपारी डबे उघडले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती.

"विकली म्हणं पोरगी. क्लबाकडनं कमिशन घेतलं असणार."

"किती मिळाले असतील ओ मॅडम? वही तुमच्याकडंच असते की."

मी काय सांगणार होते? तिनं कमिशन घेतलं नाही हे खरं. पण आठ दिवस तिनं काय केलं तेही खरं, आणि ते सांगितलं असतं तर त्यांना जास्तच आवडलं असतं. मी भाकरीचा कडक तुकडा आमटीत बुडवला आणि तो मऊ होईस्तोवर गप्प बसले.

आता दिवाळीच्या सुट्ट्या झाल्यात. ती पोरगी चार दिवस आली होती, धाकट्यांना खुंटावरून वळायचं काहीतरी नवीन दाखवून गेली. अक्काला ते पटलं नाही, "गादीवरचे लाड" म्हणाली. ती गेल्यावर दोन दिवसांनी तेच स्वतः शिकवत होती.

मीही सकाळी जाते. वहीसाठी म्हणून जाते. परवा एकीला ताप होता आणि सरावाला बसायला आठवी पोरगी नव्हती. अक्कानं माझ्याकडे बघितलं. "बस की बे. पळायचं नाही, नुसतं बसायचं." बावन्नाव्या वर्षी मी साडी खोचून चौकोनात बसले. उकिडवं बसताना दोन्ही गुडघे वाजले, पोरी हसल्या. माझं तोंड पूर्वेला, दोन्ही शेजारणींची पश्चिमेला. मागून पावलं येत होती, जवळ येत होती, आणि मान वळवायची नसते.

अकराला कॅश मोजताना कॅशियरचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. नखांत पांढरी फक्की भरलेली.

"मॅडम, तुम्हीपण?" तो म्हणाला. "तुम्हाला काय देणार हाय ती?"

माझं मोजणं चुकलं. मी बंडल पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.